वाचनालयाची हरवलेली चार जीबी

मंगळवारी सकाळी साडेआठला सुधाकर सरमंडलांच्या दाराची बेल सलग तीनदा वाजली. दारात स्नेहा मोघे उभी होती, शैलेंद्रची बायको. हातात मोबाइल आणि चेहरा असा, की 'आत ये' म्हणायचंही सुधाकररावांना सुचलं नाही.

"काका, हा फोटो तुम्हीच टाकला होता ना वाचनालयाच्या ग्रुपवर?"

"हो. मीच."

"मग पूर्ण वाचा. मोठ्याने वाचा."

फोटो वाचनालयातल्या संगणकाच्या पडद्याचा होता. सुधाकररावांनी त्यावर स्वतःच्या बोटाने लाल गोल काढला होता. गोलाच्या आत लिहिलं होतं, 'युजेबल ३.९० जीबी'. स्नेहाचं नख गोलाच्या बाहेर, जरा डावीकडे टेकलं होतं.

"इन्स्टॉल्ड मेमरी," सुधाकरराव वाचू लागले, आणि अडखळले. "आठ जीबी."

"आठ. यांनी आठ बसवली होती, आठच दाखवून राहिलंय. वापरता चारच येते, ती गोष्ट वेगळी. मेमरीची पट्टी चोरीला गेली असती, तर इथे चार नसतं आलं?"

सुधाकररावांचे कान तापले. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी खोटे दावे पकडण्यात घालवली होती. जळालेल्या गोदामांची राख त्यांनी चिमटीत धरून पाहिली होती. आणि पडद्यावरची एक ओळ त्यांनी अर्धीच वाचली होती.

परवाच्या रविवारी, फ्रीगंजातल्या मराठी वाचनालयाच्या सभेत, कार्यवाह म्हणून त्यांनी हाच फोटो हातात उंच धरला होता. "दोन पट्ट्या बसवल्या म्हणून सांगितलं आणि नंतर येऊन गुपचूप एक काढून नेली. कॅबिनेटचं सील तुटलेलं आहे. याला मराठीत चोर म्हणतात!" शैलेंद्र मागच्या रांगेत उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सुधाकररावांना त्या आवडल्या होत्या, हे आता आठवून त्यांना कुठे बघावं कळेना.

"शनिवारी शाळेची मीटिंग आहे," स्नेहा म्हणाली. "तिथल्या कॉम्प्युटर लॅबचं काम अकरा वर्षांपासून यांच्याकडे आहे. विश्वस्त आल्हाद सर म्हणाले, शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही तर दुसऱ्याला देऊन टाकतील. दुकान त्या कामावरच चालतं, काका."

"मला शनिवारपर्यंत वेळ दे."

"आमच्याकडे तरी कुठे आहे जास्त?"

ती चहा न घेता गेली. स्वयंपाकघराच्या दारात जयू, सुधाकररावांची बायको, दोन कप घेऊन उभी होती. कप तसेच आत परत गेले.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. "अहो, वाचनालयातल्या संगणकाच्या खोलीची किल्ली द्याल का? झाडून घेते. धूळ साचली असेल."

"परवाही हेच म्हणालीस. जयू, तो पुरावा आहे. पुराव्याला कुणी झाडू मारतं का?"

सवयीप्रमाणे किल्ली खिशात टाकून ते बाहेर पडले.

शैलेंद्रचं दुकान टावर चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. शटर अर्धंच वर होतं. आत शैलेंद्र एका उघड्या प्रिंटरसमोर हात बांधून बसला होता.

"बसा," तो म्हणाला. 'काका' म्हणाला नाही.

"मला काही विचारायचं आहे."

"विचारा. आज विचारून राहिलात, हेच खूप आहे."

"पट्ट्या कधी बसवल्यास?"

"पितृपक्षात. मशीन दहा वर्षांची आहे, पण चांगली आहे. चार-चारच्या दोन पट्ट्या टाकल्या. भजनाच्या क्लासच्या बायका पण होत्या तिथे. एवढीशी पट्टी काय करते म्हणून विचारत होत्या. मी एक काढून दाखवली, परत टक् करून बसवून दाखवली."

"त्यानंतर गेलास?"

"एकदा पण नाही."

"सील?"

"पॅनलच्या फटीवर माझ्या सहीचा स्टिकर लावतो. तो फाटला की वॉरंटी खतम. तुम्ही पाहिलाच आहे."

"मशीन आठ दाखवते आणि वापरता चारच येते. असं का होईल?"

शैलेंद्रने मान वर केली. "आठ दाखवते?"

"तुला माहीत नव्हतं?"

"कसं माहीत असणार? फोटो टाकायच्या आधी तुम्ही मला ग्रुपमधून काढलं. स्नेहाला काल तिच्या बहिणीने पाठवला. तिने वाचला आणि सरळ तुमच्याकडे आली, मला सांगितलं पण नाही." त्याच्यातला कारागीर जागा झाला होता. "देखो, कारणं तीन-चारच असतात. विंडोज जुनी, छोट्या मेमरीची असली तर. पण ती तर मीच बदलली. कुणी सेटिंगमध्ये मर्यादा बांधून ठेवली तर. ग्राफिक्स थोडी खातं, म्हणून चारच्या जागी तीन पॉइंट नऊ, ती काही दिक्कत नाही. आणि शेवटचं म्हणजे पट्टी तिरकी बसली किंवा पिनांवर घाण आली तर. मग मशीनला पट्टी दिसते, पण तिच्यावर काम करता येत नाही."

"हे तू सभेत का नाही बोललास?"

शैलेंद्रने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही बोलू दिलं?"

अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडताना सुधाकररावांचं डोकं आपटलं, आणि ते त्यांना योग्यच वाटलं.

दुपारी त्यांनी वाचनालयातली खोली उघडली. बरोबर ग्रंथपाल प्रतिभाताई होत्या. संगणकाची सेटिंगं सुधाकररावांनी शैलेंद्रला फोनवर विचारत एकेक तपासली. मर्यादा कुठेच बांधलेली नव्हती. मग त्यांनी भिंग काढून सीलवर धरलं. गेल्या वेळी त्यांनी लांबून 'फाटलंय' एवढंच पाहिलं होतं. आता दिसलं, की फाटलेला स्टिकर कुणीतरी काळजीपूर्वक जुळवून परत चिकटवला होता. कडेला पिवळट डिंक वाळला होता. नखाने खरवडला तर तो पापुद्र्यासारखा सुटला.

सुधाकरराव खुर्चीत बसले. शैलेंद्रच्या दुकानात अशा स्टिकरांचं अख्खं भेंडोळं टांगलेलं त्यांनी सकाळीच पाहिलं होतं. तो आला असता तर जुना काढून नवा लावला असता. डिंकाने जुना चिकटवत बसणारा माणूस वाचनालयातलाच असणार.

"प्रतिभाताई, डिंक कुठे असतो?"

"माझ्या खणात. पुस्तकांना नंबर चिकटवायला लागतो."

"खणाला कुलूप?"

"नाही साहेब."

"संगणक नको, पुस्तकांची कार्डंच बरी, असं तुम्ही म्हणत होता ना?"

"म्हणत होते. आधी." प्रतिभाताईंचा आवाज बारीक झाला. "आता माझी पाळी आहे का साहेब?"

सुधाकररावांनी जीभ चावली. तीन दिवसांत दुसऱ्यांदा ते त्याच खड्ड्याच्या काठावर येऊन उभे होते. "नाही हो. चुकलं माझं. मला फक्त सांगा, हा बिघडला कधी?"

त्या जरा सावरल्या. "खंडेनवमीच्या सकाळपर्यंत मस्त चालत होता. यादी उघडेपर्यंत आधी एक चहा व्हायचा, नवी मेमरी आल्यावर लगेच उघडायची. नवमीला हत्यारांची पूजा केली आणि वाचनालय बंद. पूजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत ना. मग शनिवार-रविवार आला. सोमवारी सुरू केला, तर परत बैलगाडी."

"मधल्या दिवसांत किल्ली?"

"तुमच्याजवळ."

"म्हणजे जे झालं ते नवमीलाच. पूजेला कोण होतं?"

"तुम्ही, आल्हाद सर, मी आणि जयूवहिनी. पाटावर कात्री, स्टेपलर, शिक्का आणि पुस्तकं शिवायचा दाभण मांडला होता. वहिनी संगणकाला हार घालत होत्या, तेव्हा तुम्ही हसलात."

"मी?"

"तुम्ही म्हणालात, 'डब्याची कसली पूजा करताय? खरं हत्यार आत आहे. मेमरी! ती कधी पाहिलीत का?' आल्हाद सरही हसले. मग तुम्ही दोघं गेलात."

सुधाकररावांना ते अंधुक आठवलं. अशी वाक्यं ते दिवसातून चार तरी टाकायचे, आठवत कोण बसतं?

"मग?"

"झेंडू कमी पडला. वहिनींनी मला टावर चौकात पाठवलं. गर्दी फार होती, अर्ध्या-पाऊण तासाने आले. तोवर पूजा झालेली होती."

यापुढचा प्रश्न एखाद्या पोरालाही सुचला असता. सुधाकररावांनी तो विचारला नाही. वही मिटून ते घरी गेले आणि जेवताना जयूशी हवापाण्याबद्दल बोलले.

बुधवार त्यांनी असाच घालवला. गुरुवारी त्यांनी शैलेंद्रला वाचनालयात बोलावलं. तो आला, पण दारातच उभा राहिला.

"मी हात नाही लावणार. तुम्ही उघडा. नाहीतर उद्या म्हणाल, यानेच खिशातून काढून ठेवली."

म्हणून सुधाकररावांनीच स्क्रू फिरवले. पॅनल बाजूला झालं तसा आतून एक दाणा टपकन टेबलावर पडला. लाल रंगाचा तांदूळ होता.

"अक्षता?" शैलेंद्र दारातून पुढे आला. "आता त्या दोन पट्ट्या बघा. पुढची जरा वर आलीये ना? दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबा, हळू. हां. सरळ वर उचला."

पट्टी सुधाकररावांच्या तळहातावर आली. एका कडेच्या सोनेरी पिनांवर हळद-कुंकवाचा ओघळ वाळून बसला होता. आणि हिरव्या पाठीवर पाच ठिपके होते. चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक. खाली हळद, वर कुंकू.

"अरे बाप रे," शैलेंद्र म्हणाला, "कुणी पूजा केली हिची! ओली हळद पिनांवर उतरली, म्हणून मशीनला दिसते पण चालत नाही. कुणाचं काम आहे हे?"

सुधाकररावांनी पट्टी उजेडात धरली. असे पाच ठिपके दर दसऱ्याला त्यांच्या स्कूटरवर उमटायचे. गॅसच्या शेगडीवर, शिवणयंत्रावर, एकदा तर त्यांच्या नव्या चष्म्याच्या घरावरही. बत्तीस वर्षं पाहिलेलं अक्षर ओळखायला काही भिंग लागत नाही.

"खोडरबर आहे?" शैलेंद्रने विचारलं. "पिना त्याने घासा. पाणी नको."

सुधाकररावांनी खोडरबराने पिना चकचकीत होईपर्यंत घासल्या, पट्टी टक् करून बसवली आणि संगणक सुरू केला. पडद्यावर आलं, 'इन्स्टॉल्ड मेमरी ८.०० जीबी, युजेबल ७.९०'.

"काका, कुणी केलं?"

"उद्या संध्याकाळी सभा बोलावतो. तेव्हा सांगतो."

"तुम्हाला कळलंय ना?"

"कळलंय," ते म्हणाले, आणि स्क्रू परत बसवू लागले.

घरी जयू मेथी निवडत बसली होती. सुधाकरराव समोर बसले. हजारो माणसांना त्यांनी प्रश्न विचारले होते, पण या एका माणसाला कसं विचारायचं ते त्यांना येत नव्हतं.

"जयू, नवमीला संगणक तू उघडलास?"

तिचे हात थांबले.

"हो." मग सगळं एकदमच बाहेर आलं. "तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. मला वाटलं, खरंच, आपण डब्याचीच पूजा करतोय. शैलेंद्रने पट्टी काढून दाखवली होती, ते माझ्या लक्षात होतं. दाभणाने स्टिकर कापला, स्क्रू नाण्याने फिरवले. पट्टी पाटावर ठेवली, इतर हत्यारांसारखीच. परत बसवली तेव्हा वाटलं, बसली नीट. स्टिकर डिंकाने लावला. तुम्हाला नंतर सांगणार होते, मोठ्या ऐटीत, की पाहिली हो मी मेमरी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही चिडाल म्हणून राहिलं. आणि मग त्या सभेत तुम्ही शैलेंद्रला चोर म्हणालात. तेव्हा मला कळलं की हे माझ्यामुळे झालंय. मी उठणारच होते. पण टाळ्या वाजल्या, आणि मला वाटलं, आता बोलले तर तुमचं सगळ्यांसमोर हसं होईल." ती रडत नव्हती, पण आवाज फाटला होता. "किल्ली मागितली, की गुपचूप नीट करून टाकावं. तुम्ही दिली नाहीत. स्नेहा दारात आली तेव्हा मी कप घेऊन उभी होते हो, आणि तरी बोलले नाही. मला माझीच लाज वाटते."

"मला विचारायला हवं होतं," सुधाकरराव म्हणाले. "मंगळवारीच मला संशय आला होता. मी प्रतिभाताईंवर घसरलो, पण तुला विचारलं नाही. उद्या तुझं नाव मी घेणार नाही."

जयू पुन्हा मेथी निवडू लागली.

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयात लोक जमले. शैलेंद्र आणि स्नेहा दाराजवळ बसले. शाळेचे विश्वस्त आल्हाद फणसे पुढे होते. सुधाकरराव उभे राहिले. हातात फोटो नव्हता, दोन्ही हात रिकामे होते.

"चोरी झालीच नव्हती," त्यांनी सुरुवात केली. "पडद्यावर आठ लिहिलं होतं, मी फक्त गोलातलं वाचलं. सील तुटलेलं पाहिलं, पण ते डिंकाने चिकटवलेलं पाहिलं नाही. शैलेंद्रकडे नव्या स्टिकरांचा ढीग आहे, तो डिंक कशाला लावेल? संगणक नवमीच्या सकाळपर्यंत ठीक होता आणि पूजेनंतर बिघडला. मध्ये खोली बंद होती. आत सापडला अक्षतांचा दाणा आणि पिनांवर वाळलेली हळद. कुणीतरी मेमरीची पट्टी पाटावर ठेवून तिची श्रद्धेने पूजा केली, आणि परत बसवताना ती जरा तिरकी बसली. एवढीच गोष्ट आहे."

"पण कुणी?" आल्हाद फणसेंनी विचारलं. "नाव सांगा ना. एक नाव तुम्ही लगेच सांगितलं होतं."

"असं करायला लावणारं वाक्य माझं होतं. डब्याची पूजा काय करता, असं मीच हिणवलं. तेव्हा गुन्हेगार म्हणाल तर..."

"मी केलं." मागून जयू उठली होती. पदर मुठीत घट्ट धरलेला. "पट्टी मी काढली. आणि सभेत मला सगळं कळलं होतं, तरी मी गप्प बसले. शैलेंद्र, तू मला काकू म्हणतोस. मी तुला चोर म्हणवून घेऊ दिलं."

सुधाकरराव शैलेंद्रसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले.

"मी तुला सगळ्यांसमोर चोर म्हणालो. सगळ्यांसमोर माफी मागतो."

आल्हाद फणसे घाईने म्हणाले, "उद्याच्या मीटिंगचा आता प्रश्नच नाही. लॅबचं काम शैलेंद्रकडेच राहील. चला, मिटलं."

स्नेहाने डोळे पुसले. शैलेंद्र मात्र उठला नाही. त्याने आधी जयूकडे पाहिलं. "काकू, बसा तुम्ही. तुम्ही उभ्या राहिलात, बस, तुमच्याकडून मला काही नको." मग तो सुधाकररावांकडे वळला.

"काका, राग नाही. पण त्या रविवारी इथे चाळीस लोक होते. आज मोजा."

सुधाकररावांनी मोजलं. अकरा होते.

"बाकीच्यांच्या घरी मी अजून चोरच आहे," शैलेंद्र म्हणाला. आवाजात ना चीड होती ना टोमणा. म्हणूनच ते ऐकवेना.

"ग्रुपवर टाकतो. आत्ता लगेच."

"टाका. वाचतील किती? तुम्ही पण तर अर्धंच वाचलं होतं."

शनिवारी सकाळी आठला सुधाकररावांनी स्कूटर काढली. खिशात हजेरीच्या वहीवरून उतरवलेली एकोणतीस नावं होती. जयू न विचारता मागे बसली.

पहिलं घर नानाखेड्यात होतं. मधुरा पागनीस यांचं. दार उघडून त्या प्रसन्न हसल्या.

"या या! इतक्या सकाळी? काय काढलंत?"

"शैलेंद्र मोघेबद्दल सांगायला आलो."

"शैलेंद्र?" मधुराताईंनी क्षणभर आठवलं. "अच्छा, तो चोर!"

मागे जयूने श्वास आत घेतलेला सुधाकररावांना ऐकू आला. त्यांनी चपला काढल्या.

"आत बसून सांगतो," ते म्हणाले. "जरा वेळ लागेल."